ताटी आणि वीट

ज्येष्ठाच्या वद्य पक्षात पुण्याचा मुक्काम हलला, भवानी पेठेतून माउलींची आणि नाना पेठेतून तुकोबांची पालखी मार्गस्थ झाली, की हडपसरला तिची वर्दी टाळांच्या नादाआधी पावलांच्या आवाजाने पोचते. पहाटेच पुढे निघालेले वारकरी, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया, खांद्यावर पताका टाकून चाललेले म्हातारे गाडीतळाच्या रस्त्यावर दिसू लागतात, आणि थोड्याच वेळात तो रस्ता असा भरून जातो की कोणती पावले दिंडीतली आणि कोणती पाहणाऱ्यांची, याचा निवाडा करणे अशक्य व्हावे. येथे पालख्यांचा विसावा होतो आणि येथेच त्यांच्या वाटा फुटतात. ज्ञानोबांची पालखी सासवडच्या रस्त्याला लागून दिवे घाटाकडे वळते, तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते, आणि मग पंढरीच्या वेशीपाशी, वाखरीला, सगळ्या संतांच्या पालख्या पुन्हा एकत्र येतात. निरोपाचे हे स्थान आपल्या गावाच्या वाट्याला आले, याचे हडपसरच्या जुन्या माणसांना फार अप्रूप आहे.

माझी आई लग्न होऊन या गावात आली तेव्हा येथे मळे होते, मोटेच्या विहिरी होत्या आणि कालव्याच्या काठाने बैलगाड्या जात होत्या. त्या वर्षापासून पालखीच्या दिवशी रस्त्याच्या कडेला तिचे उभे राहणे कधी चुकले नव्हते. मळे जाऊन इमारती आल्या, रस्त्यावर पूल चढला, तिचे केस पांढरे झाले, पण तो नेम टिकला. २०२० साली तो तुटला. पालख्या पायी निघणार नाहीत हे आधीच जाहीर झाले होते आणि मी तिला ते वाचूनही दाखवले होते. तरीही त्या सकाळी तिने अंगण झाडले, सडा घातला, रांगोळी रेखली आणि नऊवारीचा पदर डोक्यावरून घेऊन ती रस्त्याकडे तोंड करून बसली. मी जरा काळजीने जवळ गेलो तेव्हा ती म्हणाली, "पालखी येणार नाही हे मला ठाऊक आहे रे. पण तिची वेळ तर झालीय ना?"

या उद्गारातून निघालेला प्रश्न त्यानंतर मला कधीच सोडून गेला नाही. ज्या संप्रदायाने चालणे हीच उपासना मानली, ज्याचे नावच वारी करणाऱ्यावरून पडले, ज्याच्या लेखी आजारपण, शेतीची निकड किंवा घरातले दुःख यांपैकी कोणतेही निमित्त वारी चुकवण्यास पुरेसे ठरत नाही, त्या संप्रदायात वाढलेल्या माणसाला घराबाहेर पाऊल न टाकण्याचा हुकूम झाला असता त्याच्या उपासनेचे काय होते? ती तहकूब होते, रद्द होते, की आजवर न ओळखलेले एखादे रूप धारण करते? मी शास्त्री नाही, कीर्तनकारही नाही. महसूल खात्यात तीस वर्षे कागद लिहिलेला एक निवृत्त मनुष्य आहे, आणि त्या वर्षी घरात बसून जे मनात आले ते येथे मांडतो आहे.

त्या वर्षाचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा त्यावर रेंगाळण्याचे कारण नाही. ९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले रुग्ण पुण्यातच आढळले. त्याच आठवड्यात राज्य सरकारने १८९७ च्या साथरोग कायद्याचा आधार घेऊन हुकूम काढण्यास प्रारंभ केला. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली, आणि तिचा पहिला दिवस, २५ मार्च, हा गुढीपाडव्याचा होता. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी आम्ही गुढी उभारली ती साखरेच्या गाठीवाचून, कारण दुकाने बंद होती; कडुनिंबाचा डहाळा मात्र दारातल्याच झाडाचा मिळाला. ज्याने उमेदीची सारी वर्षे इतरांसाठी मनाईचे आणि मुदतीचे कागद तयार करण्यात घालवली, त्याला मनाईच्या आत राहणे म्हणजे काय, हे वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी प्रथम अनुभवास आले.

पहिले काही आठवडे मी स्वतःची अशी समजूत घालत होतो की हा एकांत आहे, आणि एकांत तर साधकाला अभीष्टच असतो. पहाटे उठावे, ज्ञानेश्वरी उघडावी, दुपारी गाथा वाचावी. ना कोणाचे येणे, ना कोठे जाणे. तुकोबांनी भंडाऱ्याच्या डोंगरावर जे शोधले ते आपल्याला आपल्या खोलीत अनायासे लाभले आहे, असेही एकदा मनात येऊन गेले. परंतु ही तुलना फार काळ टिकली नाही. १६३० च्या दुष्काळात घरची माणसे उपासमारीने गेलेली पाहून आणि संसाराची राखरांगोळी सोसून तुकोबा डोंगरावर गेले, ते जगाला भिऊन गेले नाहीत. आणि तेथून जे घेऊन ते परतले ते त्यांनी देहूच्या बाजारात उभे राहून वाटले. माझ्या दाराला कडी होती ती भीतीची होती. भीतीचे नाव बदलून तिला एकांत म्हटल्याने तिचे स्वरूप बदलत नाही, आणि बदलते असे जो मानतो त्याची पोथी कितीही वेळ उघडी राहिली तरी तिची पाने केवळ उलटली जातात.

अशा मनःस्थितीत मुक्ताईच्या ताटीच्या अभंगांची आठवण होणे अपरिहार्य होते. परंपरा सांगते की कोणा दुर्जनाच्या बोलाने व्यथित होऊन ज्ञानदेवांनी स्वतःला झोपडीत कोंडून घेतले आणि आतून ताटी लावली. तेव्हा वयाने सर्वांत लहान असलेली बहीण दारापाशी उभी राहिली आणि तिने त्यांना दार उघडण्याची विनवणी केली. या प्रसंगाचा आपण सामान्यतः मुक्ताईच्या अधिकाराचा दाखला म्हणून गौरव करतो आणि ते यथार्थच आहे. पण मला त्या वर्षी त्यातली दुसरी गोष्ट जाणवली. ज्याने पुढे सर्व विश्वासाठी प्रसाद मागितला, त्याच्याही आयुष्यात एक दिवस असा आला की जगाकडे पाठ फिरवून आत बसणे हेच त्याला योग्य वाटले; आणि त्याला बाहेर काढण्यासाठी कोणतेही गहन तत्त्वज्ञान लागले नाही, दाराबाहेर उभ्या असलेल्या एका माणसाचा आवाज पुरेसा झाला. बंद दाराची कसोटी आत बसलेला काय करतो यापेक्षा, बाहेरचा आवाज त्याला ऐकू येतो की नाही, ही आहे. माझ्या दाराबाहेर कोणता आवाज होता आणि तो मला ऐकू येत होता काय, हे मी तेव्हा स्वतःला विचारले नाही.

उन्हाळा सरत आला त्या सुमारास आईचे पाय सुजू लागले. दवाखान्यात नेण्याची सोय नव्हती. ओळखीच्या डॉक्टरांनी फोनवरून औषध सांगितले आणि पाय उंच ठेवा, हलके चोळा, असा सल्ला दिला. त्या दिवसापासून दुपारच्या वेळी मी तिच्या पायथ्याशी बसू लागलो. ज्या पायांवर मी सणासुदीला डोके टेकवले होते ते पाय मी कधी हातात घेतले नव्हते, हे मला तेव्हा कळले. टाचांच्या भेगा, उजव्या अंगठ्याचे वाकलेले हाड, घोट्याजवळ जुन्या भाजण्याचा व्रण, हे सारे मी प्रथमच पाहत होतो. आणि पाहता पाहता मला पुंडलिकाची कथा आठवली.

ती कथा आपण इतक्या वेळा ऐकतो की तिच्यातले आश्चर्य बोथट झाले आहे. ज्या देवाच्या भेटीसाठी लाखो लोक शेकडो मैल चालतात, तो देव मुळात येथे आला तो एका घरात बसलेल्या माणसाला भेटण्यासाठी. तो माणूस दाराशी आलेला देव पाहूनही उठला नाही, कारण त्याच्या हातात आईबापांचे पाय होते. त्याने मागे न वळता एक वीट सरकवली आणि देवाला थांबण्यास सांगितले, आणि देव थांबला. अठ्ठावीस युगांचे हे थांबणे आहे. म्हणजे ज्या संप्रदायाचे सारे बाह्य रूप चालण्याचे आहे त्याच्या मुळाशी घरातून न उठणारा एक मनुष्य आहे. वारकरी चालतात ते पुंडलिकाच्या दाराशी ताटकळत राहिलेल्या देवाला भेटण्यासाठी. वारी आणि घर यांत मी जो विरोध कल्पिला होता तो कथेच्या आरंभीच मिटलेला होता. त्या दुपारी मला असे वाटले की आईच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. पालखी न आली तरी तिची वेळ पाळता येते, आणि ती पाळण्याचे स्थान आईच्या पायथ्याशी आहे. या विचाराने मला जे समाधान लाभले ते मी येथे लपवीत नाही. पुढे ते समाधान मोडले, तेही लपवून चालणार नाही.

आमच्या घरी रामटेकडीच्या वस्तीतून एक बाई गेली अकरा वर्षे कामाला येत असत. साथीच्या प्रारंभी, वसाहतीच्या व्यवस्थापक मंडळाने बाहेरच्या माणसांना आत सोडू नये असे ठरवले, आणि मी चिटणीस असल्यामुळे त्याची सूचना मी लिहिली. तिची भाषा निर्दोष होती. घरकामास येणाऱ्या व्यक्तींना पुढील हुकूम होईपर्यंत आवारात येण्यास मज्जाव आहे, असे मी लिहिले, खाली सही केली आणि तो कागद फाटकावर लावण्यात आला. पगार चालू ठेवावा असे मी माझ्यापुरते ठरवले होते आणि तो मी ठेवला. पहिल्या महिन्याचा पगार घेण्यासाठी त्या फाटकापाशी आल्या तेव्हा मी एका स्टुलावर पाकीट ठेवले, सहा फूट मागे सरलो आणि मग त्यांनी पुढे होऊन ते उचलले. जाताना त्यांनी वळून विचारले, "काका, आजींचे पाय कोण चोळतं हो आता? तेल जरा कोमट करून घ्या, नाहीतर रात्री त्यांना झोप लागत नाही."

तेव्हा मला त्या शब्दांचा अर्थ लागला नव्हता. पुढे आईचे पाय चोळत असताना एकदा मी सहज त्यांचा विषय काढला आणि आई म्हणाली, "तिचा हात बसला होता." मग थोडे थोडे करून उलगडले की रोज दुपारी, मी वर्तमानपत्र घेऊन पडलेला असताना, भांडी आटोपल्यावर त्या आईच्या खोलीत जात आणि अर्धी घटका तिचे पाय चोळीत. ते काम पगारात ठरलेले नव्हते. मला ते ठाऊक नव्हते, कारण मी कधी विचारले नव्हते. ज्या सेवेच्या पहिल्या दिवशी मला पुंडलिक आठवला, ती सेवा माझ्या घरात माझ्या नकळत वर्षानुवर्षे चालली होती. आणि ती करणाऱ्या व्यक्तीसाठी फाटक बंद करणारा कागद माझ्या हस्ताक्षरात होता.

यापुढे मी रस्त्याकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. एप्रिल-मे महिन्यांत याच सोलापूर रस्त्याने माणसे चालत गेली होती: डोक्यावर बोचकी, कडेवर पोरे, हातात पाण्याची बाटली, ज्यांचे काम बंद पडले आणि ज्यांच्या भाड्याच्या खोल्यांची मुदत संपली असे बांधकामावरचे मजूर, हमाल, गवंडी. रस्ता तोच, दिशाही पालखीचीच. पण त्यांच्या विसाव्याला कोणी मंडप घातला नव्हता, आणि त्यांच्या पायांना कोणी हात लावत नव्हते. घरी राहा हा हुकूम ज्याला घर आहे त्याच्यासाठी काढलेला असतो. आम्ही आत राहू शकलो ते पहाटे भाजी आणणाऱ्या, कचरा उचलणाऱ्या, रुग्णवाहिका चालवणाऱ्या, रुग्णालयांत आठवडेच्या आठवडे घरी न जाता राबणाऱ्या माणसांच्या बाहेर असण्यावर. आमचा एकांत त्यांच्या पावलांनी तोलून धरला होता.

आणि सहा फुटांचे ते अंतर! वैद्यकाच्या दृष्टीने ते आवश्यक होते यात मला संशय नाही. रोग श्वासातून पसरत होता आणि दूर राहणे हीच त्या काळी एकमेकांची काळजी होती. परंतु या भूमीत अंतर राखण्याच्या क्रियेला एक जुना, कलंकित इतिहास आहे, आणि पाकीट खाली ठेवून मागे सरणाऱ्या माझ्या देहाने तो इतिहास, माझ्या मनाची परवानगी न घेता, अचूक वठवला. पंढरपुरात महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. ज्या दाराच्या आत त्यांना जिवंतपणी प्रवेश नव्हता, त्याच दाराच्या बाहेर ते कायमचे राहिले. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस प्राणांतिक उपोषण केले तेव्हा ते मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले झाले. त्यांच्या नावाचे रुग्णालय आज आमच्या हडपसरात उभे आहे. २०२० च्या मार्चपासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंत ते मंदिर सर्वांसाठी बंद होते. जे पिढ्यान्‌पिढ्या गाभाऱ्यापर्यंत निर्वेध गेले त्यांना त्या आठ महिन्यांत प्रथमच चोखोबांच्या जागी उभे राहावे लागले. आणि त्या जागेवरून मंदिर कसे दिसते, हे पाहण्याची ती संधी होती. ती किती जणांनी घेतली, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

येथे मला या गावाच्या मातीतली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून या विचाराला आधार राहत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला तेव्हा सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात, रुग्णांसाठी दवाखाना उघडला; ससाण्यांचे नाव आजही आमच्या एका वस्तीला आहे. सावित्रीबाई त्या वेळी सहासष्ट वर्षांच्या होत्या, जोतीरावांना जाऊन सहा वर्षे लोटली होती. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच त्या तेथे गेल्या आणि त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. तो मुलगा वाचला असे सांगतात. सावित्रीबाईंना मात्र लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर पुण्यात सरकारी बंदोबस्त सुरू झाला, सोजीर घरोघर शिरले, आणि जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. तो सारा इतिहास आपण पाठ्यपुस्तकांतून तपशीलाने शिकतो. त्याच वर्षीचा कायदा २०२० साली पुन्हा अंमलात आला. परंतु त्याच वर्षी, याच इलाख्यात, एका वृद्ध स्त्रीने दाखवलेले चालणे आपल्या स्मरणात तेवढ्या ठळकपणे राहिले नाही.

मुंढवा ते हडपसर हे अंतर फार नाही. त्या वाटेने मी शेकडो वेळा गेलो आहे. परंतु त्या वर्षापासून ती वाट आठवली की मला एक पालखी दिसते: तिला रथ नाही, बैलजोडी नाही, पुढे चोपदार नाही, मागे दिंडी नाही, एक म्हातारी पाठीवर पांडुरंगाला घेऊन चालली आहे. सावित्रीबाई सत्यशोधक परंपरेतल्या. मूर्तिपूजेचे आणि यात्रेचे माहात्म्य त्यांनी मानले नसते, आणि माझ्या या उपमेवर त्यांनी कदाचित आक्षेपही घेतला असता. तरीही मी ती मागे घेत नाही. पुंडलिकाने घरात राहून जे केले आणि सावित्रीबाईंनी घर सोडून जे केले, ते एकच कृत्य आहे. दोघांच्याही हातात दुसऱ्याचा देह होता. घरात राहणे पुण्य नाही आणि बाहेर पडणेही पुण्य नाही. ज्या बाजूला कोणाचे दुखणारे पाऊल आहे, त्या बाजूला आपण आहोत काय, एवढेच विचारले जाणार आहे.

त्या वर्षीच्या ३० जूनला, दशमीच्या दिवशी, पादुका फुलांनी सजवलेल्या एस. टी.च्या गाड्यांतून मोजक्या मानकऱ्यांसह पंढरपुरास नेण्यात आल्या. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास पालखीची प्रथा घातली आणि पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला आजचे रूप दिले. त्या दीर्घ परंपरेत वीसएक दिवसांची वाट काही तासांत संपल्याचे ते वर्ष. १ जुलैला एकादशी झाली ती संचारबंदीत, चंद्रभागेच्या रिकाम्या वाळवंटासमोर. आई दूरदर्शनसमोर हात जोडून बसली होती. मी तिला म्हणालो, "पोचल्या एकदाच्या पादुका." ती म्हणाली, "पादुका पोचल्या. पाय कुठे पोचले?"

पुढच्या हिवाळ्यात आमच्या शेजारची मांजरी जगाच्या नकाशावर आली. १९६६ साली सायरस पूनावाला यांनी येथे स्थापलेल्या सीरम इन्स्टिट्यूटमधून १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे लशीच्या कुप्या भरलेले ट्रक विमानतळाकडे निघाले आणि १६ तारखेला देशभर लसीकरणास प्रारंभ झाला. त्यानंतर पाचच दिवसांनी त्या संस्थेच्या बांधकाम चालू असलेल्या इमारतीला लागलेल्या आगीत पाच जणांचा अंत झाला. ज्या दिवसांत सारे गाव अभिमानाने बोलत होते त्याच दिवसांत ही बातमी आली, आणि माणसांचे प्राण राखण्याच्या या मोठ्या उद्योगाच्या पायाशी कोणाकोणाचे प्राण असतात, हे तिने आम्हांला दाखवले. मार्चमध्ये साठ वर्षांवरील लोकांना लस मिळू लागली तेव्हा मी आईला घेऊन गेलो. परिचारिकेने तिचा दंड हातात धरला. वर्षभरात अनोळखी माणसाचा तिला झालेला तो पहिला स्पर्श. सुई काढून झाल्यावरही आईने तो हात क्षणभर सोडला नाही.

कामाच्या बाई त्याआधी, मनाई उठताच, परतल्या होत्या. फाटकावरचा कागद मी स्वतः काढला. मात्र त्याविषयी मी त्यांच्याशी काही बोललो नाही, आणि त्याही काही बोलल्या नाहीत. आल्या त्या दिवशी दुपारी त्या तेलाची वाटी घेऊन आईच्या खोलीत गेल्या, आणि मी दाराशी उभा राहून पाहिले.

२०२१ सालीही पालख्या गाडीनेच गेल्या. २४ जून २०२२ रोजी, दोन वर्षांच्या खंडानंतर, त्या पुन्हा हडपसरला पायी आल्या. आईला आता फार वेळ उभे राहवत नव्हते. एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने त्या बाई असे तिला धरून आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो. वारीत एक रीत आहे: भेटणारा प्रत्येक जण माउली असतो, आणि जात, वय, अधिकार न पाहता वारकरी एकमेकांच्या पायांना हात लावतात. बीड की परभणीकडचा एक उन्हाने रापलेला म्हातारा माझ्यापुढे आला, वाकला आणि त्याने माझ्या पायांना स्पर्श केला. मीही वाकून त्याच्या धुळीने माखलेल्या पायांना हात लावला. दोन वर्षे ज्या हाताने सर्वांना दूर ठेवले होते त्या हाताला तो स्पर्श सोसवेना, इतका तो मोठा होता. मी वर पाहिले तेव्हा आई माझ्या हातातून सुटून, मोठ्या कष्टाने, त्या बाईंच्या पायांशी वाकलेली होती. बाई संकोचून मागे सरू लागल्या, मग त्याही खाली बसल्या आणि दोघींची डोकी एकमेकींना लागली.

मी शेजारीच उभा होतो. अनोळखी म्हाताऱ्यापुढे सहज वाकलेला माझा देह तेथे वाकला नाही. हात नुसते जोडले गेले. बोलावे असे शब्दही मनात होते, ते बाहेर आले नाहीत. तेवढ्यात चोपदारांची हाक आली, रथ हलला, माउलींची पालखी सासवडच्या रस्त्याकडे वळली आणि गर्दीने आम्हांला मागे ढकलले. त्या वर्षाने मला शिकवले ते सारे त्या एका क्षणाच्या कसोटीला लागले होते, आणि त्या कसोटीला मी उतरलो नाही. एखाद्याच्या पायांना हात लावण्यासाठी पालखीच्या दिवसाची वाट पाहण्याचे कारण नाही, हे मला कळते. तरीही मी ती वाट पाहतो आहे, हे येथे कबूल करून ठेवतो.